आम्ही मते मागायला का येणार आहोत?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



तालुक्याच्या बैठकीत तुम्ही ठरवले की पुढच्या विधानसभेला आपल्या मतदारसंघातून संघटनेचा माणूस उभा करायचा, आणि त्यासाठी आमचे नाव पुढे केले. आम्ही लगेच हो म्हटले नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांशी बोललो, आणि आज या मेळाव्यात होकार देतो आहोत. पण नुसता होकार देऊन भागणार नाही. पुढाऱ्याच्या मागे धावू नका, असे ज्या संघटनेने शेतकऱ्याला सांगितले, तिचाच माणूस उद्या दारात मत मागायला उभा राहिला, तर त्याला जाब विचारण्याचा पहिला हक्क तुमचा आहे. तो जाब तुम्ही विचारण्याआधीच आम्ही देणार आहोत.

आमदाराच्या हातात काय नाही?

निवडणुकीत उभा राहिलेला माणूस आपण काय काय करू, याची यादी वाचतो. आम्ही उलटीकडून सुरुवात करतो. आमदाराच्या हातात काय नाही ते आधी ऐका, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही.

कापसाचा हमीभाव आमदार ठरवत नाही. तो दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये, तर संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये असा भाव केंद्र सरकारने जाहीर केला. त्यात मुंबईच्या विधानसभेला एक पैसाही वाढवता येत नाही.

कापसाची आयात-निर्यातही आमदाराच्या हातात नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी रुईवर शुल्क बसले, ते सगळे मिळून ११ टक्के झाले. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने ते काढून टाकले आणि ही सूट पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे नेमका तुमचा-आमचा कापूस वेचून घरात येतो तो सगळा काळ. हिशेब करा. परदेशी रुईची खंडी बंदरावर समजा ५० हजार रुपयांना पडली, तर ११ टक्क्यांप्रमाणे तिच्यावर साडेपाच हजार शुल्क होते. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. एक क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. साडेपाच हजाराला साडेदहाने भागा. क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांचा आधार एका अधिसूचनेने निघून गेला. तुम्ही निंदण केले, डवरणी केली, फवारणी केली, आणि दिल्लीतल्या एका कागदाने त्या सगळ्याची किंमत खाली आणली. ही गोष्ट आमदार थांबवू शकत नाही. तसे वचन देणारा उमेदवार गावात आला तर त्याला चहा पाजा आणि मत देऊ नका.

मग आमदाराच्या हातात काय आहे?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात याद्या दिल्या आहेत. कोणता विषय दिल्लीचा, कोणता राज्याचा, ते तिथे लिहिले आहे. राज्याच्या यादीत १४ व्या क्रमांकावर शेती आहे, १७ व्यावर पाणी, १८ व्यावर जमीन, २८ व्यावर बाजार आणि जत्रा. आपला बाजार आणि गावची जत्रा घटनेने एकाच ओळीत बसवली आहे. दोन्हीकडे खिसा सांभाळावा लागतो, हे घटनाकारांनाही ठाऊक असावे! आणि ३० व्या क्रमांकावर सावकारी आणि शेतकऱ्याची कर्जातून सुटका. म्हणजे भाव आणि आयात-निर्यात सोडली, तर शेतकऱ्याच्या गळ्याला बसणारे बरेच फास राज्याच्या विधिमंडळात वळले जातात. सुटायचे झाले तर तिथेच सुटतात.

हे पुस्तकी बोलणे वाटत असेल तर आपल्याच मातीतली उदाहरणे घ्या.

पहिले उदाहरण १९३३ चे. मंदीने कापसाचे भाव पडले होते, वऱ्हाडातल्या जमिनी सावकारांच्या नावावर चढत होत्या. त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायदेमंडळात कर्ज लवाद कायदा झाला. त्यामागे डॉ. पंजाबराव देशमुखांची खटपट होती. इंग्रजांचे राज्य, मतदार मोजके, अधिकार तुटपुंजे. तरीही सावकाराला शेतकऱ्यासमोर बसवून कर्जाची तडजोड करायला लावणारा कायदा त्या सभागृहातून निघाला.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे आजही या मंडपात असतील. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ च्या कायद्याने शहरातल्या पगारदारावर आणि धंदेवाल्यावर व्यवसाय कर बसला. २००५ साली केंद्राने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

तिसरे उदाहरण उलट्या बाजूचे. १९७१ साली याच विधिमंडळाने कापूस खरेदीचा कायदा केला आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. ती आली तेव्हा व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका होणार, असे सांगितले गेले. पुढे काय झाले ते तुम्ही भोगले आहे. स्वतःच्या वावरातला कापूस स्वतःच्या गाडीत घालून राज्याच्या हद्दीपलीकडे न्यायचा तर तो गुन्हा ठरला. ग्रेडरची मर्जी, काट्यावरचे मुक्काम, चुकाऱ्यासाठी हेलपाटे. ही बेडी सैल व्हायला तीस वर्षे लागली. रस्त्यावर आपण लढलो, लाठ्या खाल्ल्या. पण बेडी घातली होती ती विधानसभेत, हात वर करून.

चौथे उदाहरण गोठ्यातले. १९९५ साली विधिमंडळाने प्राणी रक्षणाच्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली, तिला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि गाईबरोबर बैलही त्या कायद्यात आला. श्रद्धा आमच्याही घरी आहे. पोळ्याला आम्हीही बैलाच्या पाया पडतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा बैल घेण्याचा जो पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता, तो या कायद्याने मोडला. बैल कामातून गेला की त्याची वैरण शेतकऱ्याने घालायची, आणि नव्या जोडीचे पैसे कर्ज काढून आणायचे. श्रद्धा साऱ्या समाजाची असेल तर तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा? हा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारणारा माणूस आपल्याला हवा आहे.

पाच एकरांचा फास

आता ज्या कारणाने आम्ही शेवटी होकार दिला, ते सांगतो.

२००८ साली केंद्राने कर्जमाफी केली. ज्याची जमीन दोन हेक्टरच्या आत, त्याचे थकित पीककर्ज माफ. वरच्याला चौथाई सूट, किंवा ठरवून दिलेल्या दुष्काळी जिल्ह्यांत वीस हजार रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. पण तेही उरलेली बाकी भरली तर. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. कालव्याखालच्या पाच एकरांवर ऊस किंवा केळी उभी राहते. आपल्या पंधरा एकर मुरमाड जमिनीवर पाऊस आला तर कापूस, नाही आला तर पऱ्हाटी. तरीही कागदावर पाच एकरवाला गरीब आणि पंधरा एकरवाला मोठा शेतकरी.

२०२४ साली राज्य सरकारने २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी ५ हजार रुपये मदत दिली. तिथेही मर्यादा दोन हेक्टरचीच. पंधरा एकर कापूस पेरणाऱ्याला दहा हजार, म्हणजे एकरी सातशेसुद्धा नाही. भाव पडला तो पंधराही एकरांवर, मदत मिळाली पाच एकरांना.

आम्ही शेतीची पदवी घेतली आहे. जमिनीची खोली, पाणी धरून ठेवण्याची ताकद, पावसाचे दिवस हे सगळे मोजता येते, हे आम्हाला कॉलेजात शिकवले. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, तालुक्या-तालुक्यात माती तपासणीचे कागद पडले आहेत. ओलिताचे एक एकर बरोबर कोरडवाहूचे किती एकर, हे प्रमाण ठरवणे अवघड नाही. राज्यानेच जमीनधारणेची कमाल मर्यादा घातली तेव्हा बारमाही ओलिताला वेगळी आणि कोरडवाहूला वेगळी मर्यादा ठेवली होती. म्हणजे जमीन काढून घ्यायची असते तेव्हा सरकारला कोरडवाहू आणि ओलित यांतला फरक कळतो. मदत द्यायची असते तेव्हा कळत नाही. हा फरक मदतीच्या प्रत्येक निर्णयात लावा, हे सांगायला आम्ही निवेदने दिली, मोर्चे काढले. निवेदनावर शिक्का बसतो आणि ते फायलीत जाते. सभागृहात विचारलेल्या तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापले जाते. मंत्र्याने आश्वासन दिले तर ते पाळले की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

पीकविम्याचे तसेच. २०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विमा आणला. २०२५ च्या खरिपाला तो बंद केला. कापसासारख्या नगदी पिकाला शेतकऱ्याने पुन्हा विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता भरायचा असे ठरले. त्याबरोबरच गारपीट-अतिवृष्टीसारख्या स्थानिक आपत्तीचे, हंगामाच्या मध्यातल्या नुकसानीचे आणि काढणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण त्या वर्षी वगळले. राहिला तो पीककापणी प्रयोगावरचा विमा. हा निर्णय दिल्लीने लादलेला नव्हता, राज्याने घेतला होता. मंडळात मोजक्या ठिकाणी कापणी करून सरासरी काढायची आणि नाल्याकाठच्या ज्या शेतात ज्वारी आडवी झाली त्याला त्या सरासरीने मोजायचे, हा व्यवहार कोरडवाहूला परवडणारा नाही. हे तिथे कोण बोलले?

एकटा आमदार काय करणार?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो रास्त आहे. सभागृहात २८८ आमदार. बहुमताला १४५ लागतात. एकाच्या मताने कायदा होत नाही, पडतही नाही.

पण बाकीच्यांचे तोंड का बंद असते ते बघा. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. तेव्हापासून पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. कापूसपट्ट्यातून निवडून गेलेला आमदार मनाने तुमचा असला तरी हात पक्षाचा वर करतो. त्याला शिव्या घालून उपयोग नाही. त्याच्या गळ्यात दोरी आहे. आम्ही अपक्ष उभे राहणार आहोत. त्याच कायद्याने निवडून आलेल्या अपक्षाला नंतर कोणत्याही पक्षात जाता येत नाही, गेला तर आमदारकी जाते. म्हणजे तुम्हाला आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. कायद्याचाच पहारा आहे.

एकटा आमदार प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना देऊ शकतो, अशासकीय विधेयक मांडू शकतो, खात्याच्या मागणीवर कपात सूचना देऊ शकतो. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातले एक अधिवेशन नागपूरला होते. ते बहुधा डिसेंबरात भरते, म्हणजे कापूस घरात असतो तेव्हाच. त्या दिवसांत पणन खात्याचा मंत्री आपल्यापासून काही तासांवर बसलेला असतो. खरेदी केंद्रे कधी उघडली, किती काटे चालू आहेत, ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवून किती गाड्या परत पाठवल्या, ज्वारीची खरेदी शेतकऱ्याने माल विकून टाकल्यावरच का सुरू होते, हे रोज विचारता येते. आत एक माणूस आणि बाहेर दहा हजार, असे दोन्हीकडून ढकलले तर दार हलते.

हरलो तर?

मागचा इतिहास लपवून पुढे जाणे आपल्याला शोभणार नाही. शरद जोशींच्या संघटनेने पहिली काही वर्षे निवडणुकीपासून दूर राहण्याची भूमिका घेतली. १९९० साली तिचे कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेले. त्यांतले वामनराव चटप राजुऱ्याचे, तर मोरेश्वर टेमुर्डे पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष निघाला, पण १९९५ च्या निवडणुकीत हाती फारसे लागले नाही. लाखाच्या सभा झाल्या, मते मात्र दुसरीकडे गेली. पंजाबचेही तेच. वर्षभराहून जास्त काळ दिल्लीच्या वेशीवर बसून शेतकऱ्यांनी २०२१ साली केंद्राला तीन कायदे मागे घ्यायला लावले. त्यातल्या काही संघटनांनी लगेच पक्ष काढून २०२२ ची विधानसभा लढवली. एकही जागा आली नाही.

दुसऱ्या बाजूला शिरोळ आहे. तिथे राजू शेट्टी २००४ साली विधानसभेत आणि २००९ साली हातकणंगल्यातून लोकसभेत गेले, गावोगावच्या वर्गणीच्या जोरावर. मग आपले शिरोळ का होत नाही?

आमचे मत असे आहे. ऊसवाल्यासमोर एक कारखाना असतो. एक फाटक, एक चेअरमन, एक दर. फाटक अडवले की सगळा तालुका एका बाजूला येतो. कापूसवाल्याने कोणाचे फाटक अडवायचे? एक जण खेड्यातच विकतो, दुसरा जिनिंगवर, तिसरा बाजार समितीत, चौथा सीसीआयकडे. प्रत्येकाचा भाव वेगळा, दिवस वेगळा, अडचण वेगळी. म्हणून आंदोलनात एक झालेला कापूसवाला मतदानाच्या दिवशी पुन्हा जातीत, भावकीत आणि गटात वाटला जातो. पण याच कारणाने आपल्याला विधानसभेची गरज ऊसवाल्यापेक्षा जास्त आहे. आपल्याला लुटणाऱ्या हातांचा एकच एक मालक समोर दिसत नाही. जे दिसतात ते नियम, आणि नियम करण्याचे ठिकाण एकच आहे.

पंजाबच्या पराभवातून आम्ही एक धडा घेतला. पक्ष निघाला डिसेंबरात आणि मतदान झाले फेब्रुवारीत. दोन महिन्यांत पेरणी ते कापणी होत नाही. आपल्याकडे मागचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. पुढचे २०२९ साली येईल. म्हणून नांगरट आजच करायची आहे.

आणि तरीही हरलो तर? अनामत १० हजार रुपये असते, झालेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मते पडली नाहीत तर ती जप्त होते. दहा हजार जातील. पण मतदारसंघातल्या प्रत्येक गावात कोरडवाहू शेतीच्या मागण्या पोचलेल्या असतील, आणि जो जिंकेल त्याला माहीत असेल की इतकी मते या मागण्यांवर पडली. पराभवात मोडते ती संघटना नव्हे, मोडतो तो उमेदवाराचा मान. तो आम्ही पणाला लावायला तयार आहोत.

आमच्या अटी आणि तुमच्या अटी

पहिली अट पैशाची. कायद्याने विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. आपली मर्यादा आपण ठरवू आणि ती गोळा होणाऱ्या वर्गणीएवढीच असेल. जिनिंगवाला, बियाणे-औषधांचा दुकानदार आणि ठेकेदार यांचा पैसा घ्यायचा नाही. प्रत्येक गावाने दिलेली रक्कम त्या गावाच्या पारावर फळ्यावर लिहायची.

दुसरी अट. निवडून आलो तर आमदार निधीतले काम ग्रामसभा ठरवेल. ठेकेदार आमच्या घरी दिसला तर त्याच दिवशी मेळावा बोलवा.

तिसरी अट. उमेदवाराकडे संघटनेचे पद राहणार नाही. आम्ही आज जिल्ह्याचे पद सोडतो आहोत. उद्या आमदार म्हणून आम्ही चुकलो तर संघटनेला आमच्या दारावर मोर्चा आणता आला पाहिजे.

चौथी अट. प्रत्येक अधिवेशनाआधी तालुक्यात बैठक होईल, तिथे प्रश्न ठरतील. अधिवेशनानंतर काय विचारले आणि काय उत्तर मिळाले ते छापून वाटले जाईल.

पाचवी अट मायबहिणींसाठी. कापूस वेचणारा हात बाईचा, चुकारा घेणारा हात बाप्याचा, ही पद्धत मतदान केंद्रावर चालणार नाही. प्रत्येक केंद्रावर आपला एक प्रतिनिधी बाई असेल. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी बायकोच्या नावावर जमीन करून दिलेल्या घरांनी यात पुढे यावे.

या आमच्या अटी. तुमच्या काय त्या तुम्ही घाला. दारू, मटण, साडी आणि नोट आमच्याकडून येणार नाही. दुसऱ्याकडून आलेली घेऊ नका असे आम्ही सांगत नाही. तुमच्याच मालाच्या भावातून कापलेला तो पैसा आहे. फक्त त्याच्या बदल्यात मत देऊ नका.

आता कामाचे. घरी गेल्यावर गावात पाच माणसे बसा, त्यांत दोन बाया असू द्या. एक वही घाला. या हंगामात गावात कापूस आणि ज्वारी किती झाली, कोणी कोणाला विकली, कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने, काट आणि कटती किती गेली, विमा किती आला, रोही आणि रानडुकरांनी किती एकर खाल्ले, एवढेच लिहा. सभागृहात मंत्री आकडा फेकतो, त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते, आणि आपला आकडा सरकारी कचेरीत मिळणार नाही. पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना ती वही घेऊन या. जितक्या गावांच्या वह्या येतील, तितकी गावे आपल्याबरोबर आहेत असे आम्ही धरू. निम्म्या गावांच्याही वह्या आल्या नाहीत तर आमचा अर्ज भरला जाणार नाही, हेही आजच सांगून ठेवतो. नुसत्या टाळ्यांच्या भरवशावर आम्ही ही पेरणी करणार नाही.